‘समजलं का?’ – ‘हो बाई!’



फळ्यावर गणित सोडवून झालं, की खडू खाली ठेवता ठेवता तुम्हीही हा प्रश्न विचारत असाल. “समजलं का?” उत्तर ठरलेलं असतं. अख्खा वर्ग एका सुरात म्हणतो, “हो बाई!” आणि आपण पुढच्या गणिताकडे वळतो. मी २७ वर्षं हेच केलं. त्या ‘हो’वर मी कधी फारसा संशय घेतला नाही.

मागच्या दिवाळीच्या सुट्टीत मात्र मी स्वतः ‘हो बाई’ म्हणणाऱ्यांच्या रांगेत बसले. तेही इटलीतल्या एका खेड्यात, योगाच्या चटईवर. त्या सहा दिवसांत मला जे कळलं, ते तुम्हाला सांगायचं आहे.

योग शिकायला इटलीला?

माझी मुलगी म्युनिकला नोकरी करते. गणपतीत तिचा फोन आला. “आई, दिवाळीच्या सुट्टीत इकडे ये. इटलीत एका शेतावर शिबिर आहे. सकाळ-संध्याकाळ योग आणि मध्ये शाकाहारी स्वयंपाक शिकवतात. आपण दोघी जाऊ.”

मला हसूच आलं. म्हटलं, “अगं, योग आणि शाकाहार शिकायला सातारा जिल्ह्यातून इटलीला जायचं?”

ती म्हणाली, “शिकायला नको येऊस. माझ्याबरोबर राहायला ये.”

यावर काय बोलणार! भाऊबीज झाली आणि तिसऱ्या दिवशी मी विमानात बसले.

रोमला मुलगी घ्यायला आली होती. तिथल्या तेर्मिनी स्टेशनवरून साध्या रेल्वेने आम्ही क्यूसी नावाच्या गावाला उतरलो. हा तस्कनी प्रांतातला सिएना जिल्हा. बुटक्या टेकड्या, नुकती नांगरलेली तपकिरी शेतं, चंदेरी पानांचे ऑलिव्हचे मळे आणि वाटेच्या कडेने सुरूच्या उंच झाडांच्या रांगा. ऑक्टोबर संपत आला होता, त्यामुळे ऑलिव्हची तोडणी चालू होती. झाडाखाली जाळी अंथरायची आणि लहानशा दाताळ्याने फांद्या विंचरायच्या, म्हणजे फळं जाळीत पडतात. मला आमच्याकडची बोरं झोडपणं आठवलं.

आमचा मुक्काम होता ते घर दगडी आणि दुमजली. पूर्वी खाली गुरांचा गोठा आणि वर माणसं राहायची. आता त्या गोठ्याला लाकडी जमीन घातली होती आणि तिथेच आमचे योगाचे वर्ग भरणार होते. शेती सांभाळून पाहुणे ठेवणाऱ्या अशा घरांना तिकडे ‘अ‍ॅग्रीतुरिस्मो’ म्हणतात. त्याचा कायदा १९८५ साली झाला. शेती हाच मुख्य व्यवसाय राहिला पाहिजे, पाहुणचार हा जोडधंदा, अशी अट आहे.

माझं पहिलं ‘हो’

पहिल्या संध्याकाळी ओळखी झाल्या. आम्ही १२ जण होतो. कोणी जर्मन, कोणी डच, कोणी इंग्रज, दोघी इटलीच्याच. माझी पाळी आली. इंडिया, महाराष्ट्र, शाळेत शिक्षिका, एवढं मी मोडक्या इंग्रजीत सांगितलं. योगशिक्षिका एकदम हात जोडून उभ्या राहिल्या. त्या महिनाभर पुण्यात शिकून गेल्या होत्या. बी. के. एस. अय्यंगार यांचं नाव त्यांनी आपल्याकडे कीर्तनकार तुकोबांचं घेतात तसं घेतलं.

अय्यंगार गुरुजी १९३७ साली पुण्यात आले आणि तिथलेच झाले, हे आपल्याला माहीत असतं. पण फ्लॉरेन्सच्या वांदा स्कारावेल्ली नावाच्या बाई त्यांच्याकडे शिकल्या, पुढे स्वतः योग शिकवू लागल्या आणि १९९१ साली त्यांनी पाठीच्या कण्यावर एक गाजलेलं पुस्तक लिहिलं, हे मला त्या शिक्षिकेकडून कळलं. आमच्या जिल्ह्यातल्या औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्काराचा आयुष्यभर प्रचार केला, हे मी शाळेच्या सहलीत मुलांना कितीदा सांगितलंय. इथे मात्र माझ्यापेक्षा जास्त त्या बाईच सांगत होत्या.

मग त्यांनी विचारलं, “तुम्ही लहानपणापासूनच करत असाल ना?”

आणि मी म्हणाले, “हो हो, रोज. शाळेत शिकवते पण.”

खरं काय ते तुम्हाला सांगते. २१ जूनला योग दिन असतो. त्याच्या आधी आठ दिवस सराव घ्यायचा, त्या दिवशी फोटो काढायचे आणि अहवाल पाठवायचा. माझा योग एवढाच. गुडघा तर गेली तीन वर्षं कुरकुरतोय. पण ११ परक्या माणसांनी कौतुकाने माझ्याकडे बघितलं, आणि ‘मला फारसं येत नाही’ हे शब्द काही तोंडातून बाहेर पडेनात.

दुसऱ्या दिवशी सकाळी ७ ला वर्ग. बाहेर धुकं, आत लाकडाची शेगडी. सूर्यनमस्कार सुरू झाले. मी आपली कवायतीच्या पद्धतीने मनात ‘एक, दोन, तीन’ मोजत सपासप तीन घातले. बघते तर बाकीचे अजून पहिल्याच नमस्कारात, श्वासाबरोबर सावकाश चाललेले. माझ्या बाजूची डच मुलगी तर चक्क माझं बघून करायला लागली होती!

मग वीरासन. गुडघे दुमडून दोन्ही टाचांच्या मध्ये जमिनीवर बसायचं. शिक्षिका आधी इटालियनमध्ये आणि मग इंग्रजीत सांगत होत्या. माझ्यापर्यंत निम्मं पोहोचत होतं. मी इकडेतिकडे बघून जमेल तसं बसले. गुडघ्यातून कळ आली. त्याच वेळी शिक्षिकेने सगळ्यांना विचारलं, “तुत्तो बेने?” म्हणजे सगळं ठीक ना? सगळे “सी, सी” म्हणाले. मीही हसून “सी, सी” म्हटलं.

‘हो बाई’ म्हणजे काय असतं, ते मला त्या क्षणी कळलं असं नाही. तेव्हा फक्त गुडघा दुखत होता.

नोन्नाचं स्वयंपाकघर

स्वयंपाक शिकवायला शेजारच्या वस्तीवरच्या एक आजी येत. सगळे त्यांना ‘नोन्ना’, म्हणजे आजीच म्हणायचे. वय पंचाहत्तरच्या पुढे. त्यांना इंग्रजीचा एक शब्द येत नव्हता. योगशिक्षिका दुभाष्याचं काम करायच्या.

पहिला पदार्थ होता ‘पिची’. सिएना भागातल्या हातवळणीच्या जाड शेवया. गव्हाचं पीठ, पाणी, थोडं तेल आणि मीठ. कणीक तिंबायची, अर्धा तास झाकून ठेवायची, मग तिच्या पट्ट्या कापून लाकडी पाटावर तळव्याने वळत लांबवायच्या. बाकीच्यांच्या पिची तुटत होत्या, कुठे जाड तर कुठे बारीक होत होत्या. माझे हात मात्र आपोआप चालायला लागले. लहानपणी आईबरोबर लग्नसराईत गव्हले, नखुले, बोटवे वळलेत, पाटावरच्या शेवया केल्यात. ते हात विसरले नव्हते. नोन्नाने माझ्या पाटाकडे बघितलं आणि म्हणाली, “ब्रावा!”

तुम्ही म्हणाल, यात काय विशेष? पण मी दोन गोष्टी ताडून बघितल्या. शेवया वळताना मी एकदाही शेजाऱ्याकडे बघितलं नव्हतं. योग करताना मात्र माझी मान सारखी फिरत होती. आपल्या वर्गातही ज्याला येत नाही, तोच शेजारच्या वहीत डोकावतो. आपण त्याला ‘कॉपी करतोस?’ म्हणून दटावतो. खरं तर तो ‘मला येत नाही’ हेच सांगत असतो.

नोन्नाची आणखी एक गोष्ट मी बघत होते. ती कोणालाच ‘समजलं का?’ विचारत नव्हती. ती पाटापाटावरून फिरायची आणि चेहरे न बघता हात बघायची. एका इंग्रज गृहस्थाची पिची सारखी तुटत होती. नोन्नाने त्याच्या हातावर आपला हात ठेवला, “प्यानो, प्यानो” म्हणाली, म्हणजे हळू, आणि त्याच्याच हाताने दोन शेवया वळून घेतल्या. तिसरी त्याने एकट्याने वळली.

बोट ठेवून दाखवा

तिसऱ्या दिवशी सकाळी गुडघा सुजला. वरच्या मजल्यावरून कठडा धरून एकेक पायरी उतरले. गोठ्याच्या दारात शिक्षिकेने मला लंगडताना बघितलं. मला वाटलं, आता बोलणार. ‘रोज करता म्हणालात ना?’ मी असते तर हेच म्हणाले असते.

त्या तसं काही म्हणाल्या नाहीत. बाक ओढला, मला बसवलं, स्वतः खाली जमिनीवर बसल्या आणि म्हणाल्या, “कुठे दुखतं, ते बोट ठेवून दाखवा.”

मी बोट ठेवलं. आतल्या बाजूला, वाटीच्या खाली.

“बसताना दुखतं की उठताना?”

“बसताना. अर्ध्यावर आलं की.”

एवढंच. त्या प्रश्नाला ‘हो’ किंवा ‘नाही’ असं उत्तरच नव्हतं. खोटं बोलायला जागाच नव्हती. पुढचे दोन दिवस त्यांनी मला गुडघा दुमडायचं कुठलंही आसन करू दिलं नाही. सूज उतरल्यावर दोन घोंगड्यांची घडी घालून त्यावर एक लाकडी वीट ठेवली आणि मला उंचावर बसवलं. वीरासनच, पण दुखण्याच्या अलीकडे थांबलेलं. मग त्यांनी सांगितलं, की विटा, पट्टे, घोंगड्या, खुर्च्या ही अय्यंगार गुरुजींनीच रुळवलेली पद्धत. ज्याचं शरीर ताठ आहे, आजारी आहे, म्हातारं आहे, त्यालाही ते आसन करता यावं म्हणून. ते स्वतः लहानपणी फार आजारी असत.

मी त्या विटेवर बसून विचार करत राहिले. माझ्या वर्गात अशा किती विटा आहेत? आणि वीट कुठे ठेवायची, हे कळण्यासाठी मी कोणाला बोट ठेवायला सांगितलंय का?

त्याच दिवशी मी धीर करून पहिला खरा प्रश्न विचारला. आमचं घर माळकरी. पहिल्या दोन दिवसांत जेवणात वरून चीज किसलेलं होतं, ते मी खाल्लं होतं. शिबिर शाकाहारी, मग विचारायचं काय? आता विचारलं. उत्तर ऐकून घास घशात अडकला. तिकडे चीजसाठी दूध फाडायला पारंपरिक पद्धतीने वासराच्या जठरातला रस, म्हणजे रेनेट वापरतात. पार्मिजानो रेज्जानो या प्रसिद्ध चीजच्या तर नियमातच ते आहे. त्यात मांसाचा तुकडा नसतो, म्हणून युरोपातले पुष्कळ लोक ते शाकाहारी धरतात. त्यांची यात लबाडी नव्हती. ‘शाकाहारी’ या एकाच शब्दाचा त्यांचा अर्थ वेगळा आणि माझा वेगळा. काटेरी फुलांच्या तुऱ्यांनी दूध फाडून केलेलं चीजही असतं, ते त्यांनी माझ्यासाठी दुसऱ्या दिवशी आणलं. पण खाल्लं ते खाल्लं. न विचारता मान डोलावण्याची किंमत मी दोनदा मोजली, एकदा गुडघ्याने आणि एकदा अशी.

‘हो मालक’

चौथ्या दिवशी ‘रिबोल्लीता’ शिकलो. याचा अर्थ पुन्हा उकळलेली. पांढरा घेवडा, कांदा, गाजर, बटाटा, कोबी आणि ‘कावोलो नेरो’ नावाची लांब काळपट पानांची भाजी यांचं आदल्या दिवशीचं दाट सार घ्यायचं, त्यात शिळा पाव घालायचा आणि पुन्हा रटरट उकळायचं. तस्कनीतला पाव बिनमिठाचा असतो. वाढताना वरून कच्चं ऑलिव्ह तेल. घाण्यावरून नुकतंच आलेलं ते तेल हिरवंगार होतं आणि घशाला मिरीसारखं झोंबत होतं. आम्हाला ठसकाच लागला. घशाला असं लागणं हे ताज्या, चांगल्या तेलाचं लक्षण म्हणे.

मी म्हटलं, “आमच्याकडे शिळ्या भाकरीला फोडणी देतात.” नोन्ना हसली. म्हणाली, “गरिबाचं घर सगळीकडे सारखंच.”

आणि मग तिने सांगितलं. अशाच एका घरात तिचा जन्म झाला. घर मालकाचं, जमीन मालकाची, कष्ट तिच्या वडिलांचे, पीक निम्मं निम्मं. याला ‘मेझ्झाद्रिया’ म्हणत. आपल्याकडची निम्म्या वाट्याची शेती. तस्कनीत ती शतकानुशतकं चालली. १९६४ च्या कायद्याने असे नवे करार बंद झाले. त्याच्या आगेमागे माणसं कारखान्यांकडे गेली आणि ही दगडी घरं ओस पडली. अशाच कितीतरी घरांत आज पाहुणे उतरतात.

“मालकाचा कारभारी हिशेबाची वही घेऊन यायचा,” नोन्ना सांगत होती. “देणं किती, घेणं किती, भराभर वाचायचा. शेवटी विचारायचा, ‘कळलं?’ माझ्या वडिलांना वाचता येत नव्हतं. ते टोपी काढून म्हणायचे, ‘सी, पाद्रोने.’ हो मालक. घरी आले की आई विचारायची, किती उरलं? त्यांना ते सांगता यायचं नाही.”

योगशिक्षिका वाक्यावाक्याला भाषांतर करत होत्या. माझ्या हातातला पाव तसाच राहिला. वही ज्याच्या हातात, त्याला ‘कळलं नाही’ म्हणायची हिंमत कोणाची असते? आणि वर्गात वही, खडू, लाल पेन कोणाच्या हातात असतं?

त्या रात्री मी मुलीला हे सगळं बोलून दाखवलं. ती माझ्या गुडघ्याला तेल चोळत होती. जरा वेळाने म्हणाली, “आई, मी पण तुला असंच ‘हो’ म्हणायचे.”

“कधी?”

“पाचवी-सहावीत. तू शाळेतून दमून यायचीस, स्वयंपाक करता करता मला अपूर्णांक शिकवायचीस. ‘समजलं का?’ विचारायचीस. नाही म्हटलं की तू गॅस बारीक करायचीस आणि एक उसासा टाकायचीस. मग मी हो म्हणायला लागले.”

ती रागाने बोलत नव्हती. उलट हसून सांगत होती. मला मात्र बराच वेळ झोप लागली नाही. मी रागवत नाही, मारत नाही, याचा मला केवढा अभिमान! पण माझा उसासा काय करतो, हे मला २० वर्षांनी, एवढ्या लांब येऊन कळलं.

८१२ भागिले ४

सुट्टी संपली, शाळा भरली. माझ्या वर्गात एक मुलगा आहे. शांत, शहाणा, कधी त्रास नाही. भागाकार सहामाहीपर्यंत शिकवून झाला होता. प्रत्येक वेळी त्याचा ‘हो बाई’ सगळ्यात खणखणीत. पेपरात मात्र शून्य. ‘लक्ष देत नाही’ असा शेरा मी लाल पेनाने लिहिला होता.

या वेळी त्याला जवळ बोलावलं. ८१२ भागिले ४. त्याने उत्तर लिहिलं, २३. मी तोंडापर्यंत आलेला ‘समजलं का?’ गिळला. त्याच्या शेजारी खाली बसले आणि म्हटलं, “कुठे अडतंस, तिथे बोट ठेव.”

त्याने बराच वेळ माझ्याकडे बघितलं. मग बोट १ वर ठेवलं.

“बाई, हा लहान हाय. ह्याला चारचा भाग जात न्हाई. मग मी पुढचा दोन घेतो आन् बारा करतो.”

“बरोबर. आणि एकाच्या वर काय लिहितोस?”

“काय न्हाई. भागच गेला न्हाई तर वर कशाला लिहायचं?”

सांगा, यात लक्ष न देण्यासारखं काय आहे? त्याचं तर्कशास्त्र पक्कं होतं. तिथे शून्य का लिहायचं, हे मी ‘नियम आहे’ म्हणून सांगितलं होतं, कारण कधी सांगितलंच नव्हतं. मग आम्ही शंभराच्या ८, दहाची १ आणि रुपयाची २ अशा कागदी नोटा केल्या आणि त्या चौघांत वाटल्या. दहाची एकच नोट, चौघांत वाटता येईना. ती मोडून सुटे केले. प्रत्येकाला शंभराच्या २ आणि रुपयाच्या ३. “दहाच्या किती मिळाल्या?” “एक पण न्हाई.” “मग ते सांगायला नको का?” त्याने स्वतःच मध्ये शून्य लिहिलं. २०३. त्या कागदी नोटा ही त्याची वीट.

मी लिहिलेला शेरा मी खोडला आणि त्याला दाखवून खोडला.

सगळं बदललं, असं मी म्हणणार नाही. माझ्या वर्गात ३४ मुलं आहेत. रोज प्रत्येकाजवळ बसणं होत नाही. पोर्शनची घाई असते, कागदपत्रं असतात. सवयीने ‘समजलं का?’ अजूनही तोंडातून निघून जातं आणि ‘हो बाई’ही येतं. पण आता त्या ‘हो’नंतर मी पुढच्या गणिताला जात नाही. आधी वर्गातून एक फेरी मारते आणि नोन्नासारखी चेहऱ्यांऐवजी वह्यांवरचे हात बघते. रोज दोन-तीन मुलांना तरी ‘बोट ठेव’ म्हणते. मुलांनाही त्याची गंमत वाटायला लागली आहे. परवा एक मुलगी आपणहून वही घेऊन आली, बोट ठेवूनच.

पालकहो, आज रात्री गृहपाठ घेताना एकदा करून बघा. ‘समजलं का?’ विचारू नका. ‘कुठे अडलं, बोट ठेव’ एवढंच म्हणा. आणि ते बोट जिथे पडेल, तिथे उसासा टाकू नका.

माझा गुडघा अजून कुरकुरतो. रोज सकाळी घोंगडीच्या घडीवर बसून मी १० मिनिटं वीरासन करते. येत्या २१ जूनला मुलांना सूर्यनमस्कार शिकवण्याआधी, मला काय येत नाही ते सांगणार आहे.